रजिस्टरच्या आकड्यांना नावं देताना

सप्रेम नमस्कार,

तुझा पॅच, म्हणजे लिनक्सच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तू सुचवलेला बदल, काल रात्री पूर्ण वाचला. चिपच्या रजिस्टरांत, म्हणजे तिला हुकूम देण्याच्या आणि तिची स्थिती वाचण्याच्या खणांत, लिहिले जाणारे उघडे हेक्स (सोळाच्या पायातले) आकडे काढून तिथे नावं घालण्याचं काम बहुतेक जण टाळतात. त्याने नवीन काही चालू होत नाही आणि कुणी पाठही थोपटत नाही. तू ते आपणहून हातात घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच रिव्ह्यूमध्ये तुटक शेरे न टाकता जरा सविस्तर लिहिते आहे.

हे काम मला एवढं जवळचं का, ते आधी सांगते. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत तक्रार आली होती: लिंक लागते, पिंग जातं, पण मोठी फाईल पाठवायला घेतली की सगळं रांगायला लागतं. आम्ही केबल बदलल्या, स्विचचे पोर्ट बदलले, बफर वाढवून पाहिले. ड्रायव्हरमध्ये फायच्या, म्हणजे केबलवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाच्या, शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे बेसिक कंट्रोल रजिस्टरमध्ये, हेक्स २१०० लिहिलं जात होतं. ती ओळ मी निदान दहा वेळा वाचली असेन. काहीच खटकलं नाही, कारण खटकायला तिथे चार अंकांपलीकडे काही नव्हतंच.

शेवटी एका संध्याकाळी कागद घेऊन बिट मांडले. हेक्स २००० म्हणजे बिट १३, शंभर मेगाबिटचा वेग. हेक्स १०० म्हणजे बिट ८, फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं. आणि बिट १२, म्हणजे ऑटोनेगोशिएशन (एएन, दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसांत ठरवणं) चालू ठेवणारा हेक्स १०००, तो कागदावर आलाच नाही. हवं होतं ३१००, लिहिलं गेलं होतं २१००. आमच्या बाजूने वाटाघाटीच बंद होत्या. समोरच्या स्विचला त्याचे पल्स मिळेनात, म्हणून त्याने सिग्नलवरून वेग तेवढा ओळखला. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही, त्यामुळे त्याने नियमाप्रमाणे हाफ, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने, असा धरला. एक टोक फुल, दुसरं हाफ. वाहतूक तुरळक असेपर्यंत याचा पत्ता लागत नाही. दोन्हीकडून एकदम पॅकेट निघू लागली की हाफवाल्या टोकाला लेट कोलिजन, म्हणजे उशिरा झालेल्या टकरी, दिसतात, फुलवाल्या टोकाला सीआरसीच्या चुका, म्हणजे बिघडून आलेली पॅकेट, आणि दोघंही केबलवर संशय घेतात.

तीच ओळ नावांनी लिहिलेली असती, 'स्पीड हंड्रेड' आणि 'फुल डुप्लेक्स' अशी, तर वाचताक्षणी मनात आलं असतं की 'एएन एनेबल' कुठे आहे? जे लिहिलेलं नाही ते दिसायला लागणं, हा नावांचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग. आकड्यात गाळलेला बिट दिसत नाही.

आता तुझ्या पॅचकडे येते. पहिली गोष्ट चटकन उरकते. फायच्या रीसेटसाठी हेक्स ८००० ला तू नवीन नाव बनवलं आहेस. ते बनवायची गरज नाही. इथरनेटच्या ८०२.३ प्रमाणाच्या बाविसाव्या कलमातली रजिस्टरं सगळ्या फायमध्ये सारखीच असतात आणि लिनक्सच्या एमआयआय (फायशी जोडणीच्या) हेडरमध्ये, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांना वापरता येणाऱ्या नावांच्या फाईलमध्ये, त्यांची नावं पूर्वीपासून आहेत. तिथलं 'बीएमसीआर रीसेट' वापर; बीएमसीआर म्हणजे वरचंच बेसिक कंट्रोल रजिस्टर. एकाच बिटाला दहा ड्रायव्हरांत दहा नावं असली, तर एका ड्रायव्हरमध्ये शिकलेलं दुसऱ्यात कामाला येत नाही.

चिपची स्वतःची रजिस्टरं वेगळी. त्यांना डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपुस्तिकेत, जे नाव आहे तेच दे, ते कितीही ओबडधोबड असो. तू काही ठिकाणी डेटाशीटचं आखूड नाव बाजूला ठेवून छान वाचता येईल असं लांब नाव केलं आहेस. त्यामागची भावना कळते. पण पुढचा माणूस अडचणीत सापडेल तेव्हा कोडमधलं नाव डेटाशीटच्या पीडीएफमध्ये शोधेल, आणि तुझं नाव तिथे सापडणार नाही. अर्थ सांगायचाच असेल तर शेजारी ओळभर टीप लिही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते.

दुसऱ्या फाईलमध्ये, रिसीव्ह कंट्रोल रजिस्टरच्या बिट १९ ला तू 'फिल्टर एनेबल' असं नाव दिलं आहेस. मी डेटाशीट दोनदा चाळली. तिथे तो बिट राखीव आहे, एवढंच लिहिलंय. मग हे नाव आलं कुठून? माझा अंदाज असा की फिल्टर (कुठली पॅकेट आत घ्यायची ती चाळणी) लावणाऱ्या फंक्शनमध्ये तो बिट लावलेला तुला दिसला आणि तू संगती जुळवलीस. कदाचित बरोबरही असेल. पण आपण एखाद्या बिटाला नाव देतो, तेव्हा तो हार्डवेअरमध्ये काय करतो याची ग्वाही देत असतो. हेक्स ८०००० हा आकडा निदान प्रामाणिक होता. तो सांगत होता: इथे काहीतरी लावलं जातंय, कशासाठी ते शोधा. 'फिल्टर एनेबल' सांगतं की शोधायची गरज नाही. दोन वर्षांनी कुणी फिल्टर बंद करायला तो बिट काढेल, आणि तो प्रत्यक्षात भलत्याच कशाचा असेल, तर त्या माणसाला तुझ्या नावावर संशय घ्यायचंही सुचणार नाही.

म्हणून पॅचमधल्या प्रत्येक नावाला स्वतः विचार: हे मला कुठून कळलं? डेटाशीट, एराटा (चिपच्या माहीत झालेल्या चुकांची यादी), चिप बनवणाऱ्यांनीच दिलेला दुसरा ड्रायव्हर, किंवा बोर्डवर स्वतः करून पाहिलेला प्रयोग, यांपैकी काही असेल तर नाव दे आणि कमिटच्या मजकुरात, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत, आधार लिही. यांपैकी काहीच नसेल तर आकडा तसाच राहू दे. शेजारी लिही की हा क्रम उत्पादकाच्या कोडमधून आला आहे आणि अर्थ प्रसिद्ध केलेला नाही. रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांचा आर८१६९ ड्रायव्हर उघडून बघ. फायच्या तयारीसाठी तिथे रजिस्टर आणि किंमत अशा आकड्यांच्या जोड्यांचे लांबच लांब तक्ते आहेत. त्यांतल्या बहुतेक आकड्यांचा अर्थ चिप बनवणाऱ्यांपलीकडे कुणाला माहीत नाही, म्हणून त्यांना नावंही नाहीत. ते वाचायला अवघड आहेत, पण त्यात खोटं काही नाही. तुला तसे तक्ते भेटले तर हात लावू नकोस. पान निवडणारं रजिस्टर वगैरे जे खरोखर ठाऊक आहे, तेवढ्यालाच नाव दे.

याच्याच उलट टोकाचं एक नाव तुझ्याकडे आहे: 'कंट्रोल बिट सेव्हन'. यात खोटं काही नाही, पण आकड्याने जे सांगितलं होतं तेच ते पुन्हा सांगतं. त्यापेक्षा आकडा बरा.

नावं बरोबर असूनही घडण चुकू शकते. तू सगळे एकबिटी दिसणारे आकडे बिट मॅक्रोमध्ये, म्हणजे 'बिट अमुक' अशा लिखाणात, बदलले आहेस, बहुधा चेकपॅच या लिनक्सच्या तपासणी-स्क्रिप्टने सुचवलं म्हणून. ते यंत्र आकडा बघतं, अर्थ बघत नाही. इंटेलच्या ई१००० कार्डांचं डिव्हाइस कंट्रोल रजिस्टर घे. त्यात बिट ८ आणि ९ मिळून वेग ठरतो: शून्य म्हणजे १० मेगाबिट, एक म्हणजे १००, दोन म्हणजे १०००. हेक्समध्ये ते ०, १०० आणि २०० असे दिसतात. आता २०० ला कुणी 'बिट ९' असं लिहिलं, तर किंमत तीच राहते, पण वाचणाऱ्याला तो स्वतंत्र स्विच वाटतो. मग १०० वरून १००० वर जाताना तो नुसता बिट ९ लावतो, बिट ८ तसाच राहतो, आणि रजिस्टरमध्ये ३०० जाऊन बसतं, जो वेग अस्तित्वातच नाही. दोन बिटांचं हे एक फील्ड आहे. त्याला जेनमास्क या मॅक्रोने ९ ते ८ असा मास्क (फील्डचे बिट कुठले ते दाखवणारा आकडा) दे आणि आतल्या किमती ०, १, २ अशा साध्या आकड्यांत ठेव. मोठा बिट आधी, लहान नंतर, हेही लक्षात असू दे.

फील्डमध्ये किंमत भरायला फील्ड प्रेप आणि काढायला फील्ड गेट वापर. २०१६ मध्ये हे मॅक्रो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आले तेव्हापासून शिफ्ट (किंमत किती बिट सरकवायची ते) आणि मास्क अशी दोन वेगळी नावं सांभाळायची कटकट गेली. शिफ्ट मास्कमधूनच काढली जाते, त्यामुळे दोघांत तफावत पडायचा प्रश्न उरत नाही. ई१००० कार्डांचं एमडीआय कंट्रोल रजिस्टर, ज्यातून फायची रजिस्टरं वाचली-लिहिली जातात, ते बघ: खालचे १६ बिट डेटा, मग पाच बिट रजिस्टरचा क्रमांक, मग २१ ते २५ हे फायच्या पत्त्याचे, आणि लगेच वर २६ व २७ मध्ये वाचायचं की लिहायचं ते. फायचा पत्ता पाच बिटांचा, म्हणजे ३१ पर्यंतच. नुसत्या शिफ्टने कुणी चुकून ३२ पाठवला, तर तो सरकून बिट २६ वर जाऊन पडतो, आणि तो बिट म्हणजे 'लिहा'. पत्त्यातली चूक हुकूम बदलते. फील्ड प्रेप आकडा फील्डबाहेर सांडू देत नाही, आणि किंमत कंपाइल होतानाच ठाऊक असेल तर कंपाइलर तिथेच अडवतो. पण एक सांभाळ: किंमत चालू असताना ठरत असेल, तर ३२ चा गुपचूप शून्य होतो. पत्ता तपासायची जबाबदारी आपलीच राहते.

एकावर एकतीस शिफ्ट करून काढलेला जो मास्क होता, तो बिट ३१ केलास ते उत्तम. जुन्या रूपात तो ऋण पूर्णांक होत होता, आणि ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये गेला की वरचे सगळे बिट एक होत होते.

आता असं काही, जे कुठल्याही नावात मावत नाही. इंटरप्ट स्टेटस रजिस्टर म्हणजे काय घडलं याची खबर चिप जिथे देते ते. त्याच्या फंक्शनमध्ये तू आकड्याच्या जागी 'टीएक्स डन' (पाठवणं झालं) घातलंस. ओळ अशी होते: स्टेटस वाचा, त्यात टीएक्स डन लावा, परत लिहा. वाचायला सुरेख. पण या चिपमध्ये त्या रजिस्टरचा बिट एक लिहिल्याने पुसला जातो. वाचताना आरएक्सचा, म्हणजे पॅकेट आल्याचा, बिट एक असेल, तर तोही जसाच्या तसा परत लिहिला जातो आणि पुसला जातो. पॅकेट आलं होतं, त्याची खबर आपणच मिटवली. ही चूक मूळ कोडमध्येही आहे, तू आणलेली नाहीस. मात्र आता ती जास्त बरोबर दिसते, म्हणून मला काळजी वाटली. तिथे नुसता टीएक्स डन लिहायला हवा, वाचून मिसळून नाही. ही दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये पाठव, आणि हेडरमध्ये त्या रजिस्टरच्या ओळीवर लिही: एक लिहिलं की पुसतं. ई१००० च्या हेडरमध्ये प्रत्येक रजिस्टरच्या शेजारी वाचण्या-लिहिण्याचं, वाचलं की पुसलं जाण्याचं, असं थोडक्यात लिहिलेलं आहे. ती सवय मला फार आवडते. फायच्या स्टेटस रजिस्टरमधला लिंकचा बिटही असाच: लिंक मध्येच पडून परत आली, तरी पहिल्या वाचनात तो 'पडलेली' सांगतो आणि खरी स्थिती दुसऱ्या वाचनात कळते. हे टिपेत नसेल तर कुणीतरी 'दोनदा का वाचलंय' म्हणून एक वाचन काढून टाकेल.

मांडणीबद्दल थोडंच. रजिस्टरचा ऑफसेट आणि त्याचे बिट एकत्र ठेव, बिटांच्या ओळी दोन जागा आत सरकव, आणि बिटाच्या नावाची सुरुवात रजिस्टरच्या नावाने कर, म्हणजे एका रजिस्टरचा बिट दुसऱ्यात लिहिला गेला तर डोळ्यांना टोचेल.

पाठवण्याआधी एक चाचणी कर. नावं बदलणाऱ्या पॅचने मशीन कोड बदलायला नको. आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाईल (कंपाइलरने बनवलेली) डिसअसेंबल करून, म्हणजे मशीनच्या सूचना वाचता येतील अशा करून, ताडून बघ. कर्नलच्या स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट त्यासाठीच आहे. फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत थांब. कधी नुसते ओळींचे क्रमांक सरकलेले असतात. कधी बिट मॅक्रोमुळे प्रकार अनसाइन्ड लाँग झाल्याने ६४ बिटांच्या मशीनवर सूचना बदलतात. आणि कधी एखादा शून्य खरोखर गळलेला असतो. तुझ्या पॅचवर मी हे करून पाहिलं. एकाच फंक्शनमध्ये फरक आला, आणि तो प्रकाराचाच होता.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. लिनक्सच्या नेटवर्किंग विभागाच्या नियमांत लिहिलेलंच आहे की दुसऱ्या कुठल्या कामाशी संबंध नसलेली साफसफाई त्यांना नको असते. तुझ्याकडे इंटरप्टची ती खरी चूक आहे. तिची दुरुस्ती पहिल्या पॅचमध्ये जुन्याच आकड्यांत कर, म्हणजे जुन्या आवृत्त्यांवरही तो सहज लावता येईल. त्यानंतर तू याच ड्रायव्हरमध्ये वेग बदलण्याचा जो भाग करणार आहेस, त्याच्या आधी फक्त त्या भागाला लागणाऱ्या रजिस्टरांची नावं आण. उरलेली नावं त्यांची वेळ येईल तेव्हा.

बिट १९ चं मात्र आधी बघू. तुझ्याकडे बोर्ड आहे, तर तो बिट काढून, फिल्टरमध्ये नसलेल्या मल्टिकास्ट (अनेकांना एकदम पाठवायच्या) पत्त्यावर पॅकेट सोडून पाहा, काय आत येतं आणि काय नाही. मी तोवर चिपच्या जुन्या आवृत्तीची एराटा शोधून ठेवते. काय दिसलं ते आकड्यांसकट कळव.

तुझी,
रिव्ह्यू करणारी ताई