बसायला हो, झोपायला नाही: अमेरिकेहून आलेल्या बाउन्सरबद्दल

आधी उत्तर, मग पाल्हाळ. बाउन्सर, म्हणजे बाळाला तिरपं बसवायची ती तारेच्या सांगाड्याची कापडी खुर्ची, टाकून देऊ नकोस, पण त्यात बाळाला झोपवणं आजपासून बंद. रात्रीचं तर बंदच, दुपारची डुलकीसुद्धा नाही.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: मुलगा अडीच महिन्यांचा. नणंद अमेरिकेहून येताना तिच्या लेकाचा वापरलेला बाउन्सर घेऊन आली. त्यात ठेवलं की पाच मिनिटांत गाढ, पाळण्यात टाकलं की टक्क जागा. नवरा म्हणतो, झोपतोय ना, मग झोपू दे. सासूबाई म्हणतात, पाठीचा कणा वाकेल, त्यापेक्षा साडीची झोळी बांधा. आणि तू दोघांच्या मध्ये, झोपेविना. (झोपेचं तू काही लिहिलं नाहीस, पण प्रश्न टाकलायस पहाटे ३:५० ला.)

सासूबाईंचं कारण चुकलंय, शंका मात्र योग्य जागी आहे. कणा काही वाकत नाही, मान वाकते. अडीच महिन्यांच्या बाळाने अजून मान धरलेली नसते. डोकं अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू कच्चे, आणि श्वासनलिका बारीक नि मऊ, भिजलेल्या कागदी स्ट्रॉसारखी. बाउन्सरच्या तिरप्या खोळीत झोप लागली की अंग सैल पडतं, बूड खाली घसरतं, डोकं पुढे येतं आणि हनुवटी छातीवर टेकते. नळी मुडपली. एसटीत मान टाकून पेंगणारा माणूस घोरतो आणि पुढच्या खड्ड्याला दचकून जागा होतो. या वयाच्या बाळाला मान उचलून स्वतःची सुटका करून घेता येत नाही. आणि ते रडूनही सांगणार नाही, कारण रडायला हवा लागते. लांबून बघणाऱ्याला ते शांत झोपलेलं बाळच दिसतं, म्हणून तर हे फसवं आहे.

माझ्या मोठ्याला मी एकदा असंच पाहिलं होतं. तोंड मिटलेलं, हनुवटीखालच्या वळ्या छातीवर चेपलेल्या, आणि नाकातून बारीक घुरघुर. सर्दी झाली असेल म्हणून मी ड्रॉप्स शोधायला लागले. उचलून गादीवर उताणा ठेवला तर घुरघुर गायब. सर्दी नव्हतीच. तेव्हापासून मी एक खूण लक्षात ठेवली आहे: बाळ बसलेलं असो, कडेवरच्या कॅरिअरमध्ये असो किंवा कारसीटमध्ये, हनुवटी आणि छाती यांच्यात माझी दोन बोटं सहज मावली पाहिजेत. पण ही खूण जाग्या बाळासाठी आहे हं. बोटं मावतात म्हणून झोपू दिलं, असं नको.

आता अमेरिकेची गोष्ट सांगते, कारण तुझी वस्तू तिथून आली आहे आणि तिकडे या विषयावर गेल्या काही वर्षांत फार रामायण झालंय. फिशर-प्राइस कंपनीने २००९ मध्ये रॉक-एन-प्ले नावाचा एक तिरपा झोपाळा बाजारात आणला. कल साधारण ३० अंशांचा, आणि विकला तो चक्क रात्रभर झोपायला म्हणून. मी २०१४ मध्ये न्यू जर्सीत बाळंत झाले तेव्हा आमच्या ओळखीतल्या निम्म्या देशी घरांत तो होता. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने जवळपास ४७ लाख नग परत मागवले, म्हणजे रिकॉल केले. तोवर ३० हून अधिक बाळं त्यात दगावल्याची नोंद झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच वस्तूचं रिकॉल पुन्हा जाहीर करावं लागलं, आणि तेव्हा आकडा शंभराच्या आसपास पोचला होता. त्यातले निदान ८ मृत्यू पहिल्या रिकॉलनंतरचे. म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी गराजमध्ये तो पडून होता आणि प्रेमाने पुढच्या बाळाला दिला गेला.

माझी धाकटी २०१९ च्या उन्हाळ्यात नाशिकला झाली. तिकडच्या मैत्रिणीने तिचा रॉक-एन-प्ले माझ्यासाठी राखून ठेवला होता, कुणाच्या तरी बॅगेतून पाठवणार होती. बातमी आल्यावर तिने भाजीच्या सुरीने त्याचं कापड उभं फाडलं आणि मगच सांगाडा कचऱ्यात ठेवला, रस्त्यावरून कुणी उचलून नेऊ नये म्हणून. तसा फोटोही पाठवला. मला तेव्हा ते जरा अति वाटलं होतं. आज वाटत नाही.

तू म्हणशील, तो झोपण्यासाठीचा होता, माझा तर बाउन्सर आहे. बरोबर. पण जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, त्याच कंपनीच्या रॉकरबद्दलही इशारा दिला. हा रॉकर म्हणजे आपण ज्याला सरसकट बाउन्सर म्हणतो तसलीच खुर्ची. २००९ ते २०२१ या काळात किमान १३ बाळं त्यात गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्नुगा नावाच्या विजेवरच्या झुल्यांची पाळी आली, २० लाखांहून जास्त नग, ५ मृत्यू. तिथे लोकांना सांगितलं गेलं की डोक्याची उशी कापून काढा, अंगाखालची मऊ गादीही काढा, आणि झुला झोपण्यासाठी वापरूच नका.

मग किती तिरपं चालतं? आर्कान्सा विद्यापीठात एरिन मॅनेन यांच्या चमूने आयोगासाठी हेच तपासलं. तिरप्या जागेवर बाळाच्या पोटाचे स्नायू सपाट जागेपेक्षा जास्त राबतात, बाळ पालथं वळलं तर लवकर थकतं, आणि मग तोंड कापडात गेलं की सुटत नाही. १० अंशांपर्यंतचा कल ठीक, त्यापुढे नाही, असं त्यांनी सांगितलं. मे २०२२ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला: त्याहून तिरपी, बाळाला झोपायला म्हणून केलेली कोणतीही वस्तू विकायची नाही. १० अंश म्हणजे किती ते बघायचं तर ६० सेंटीमीटरची फळी घे आणि एक टोक १० सेंटीमीटर उचल. झालं, तेवढंच. आता तुझ्या बाउन्सरकडे बघ.

झोळीबद्दल. इथे मला सासूबाईंची बाजू घेता येत नाही, आणि हे लिहिताना माझीच आई डोळे वटारतेय असं वाटतंय, कारण आम्ही सगळी भावंडं झोळीतच वाढलो. पण बघ ना, साडीच्या झोळीत बाळ कसं पडतं? मधोमध खोल, दोन्ही बाजू वर, हनुवटी छातीकडे. बाउन्सरमध्ये जे होतं तेच, वर तोंडाच्या दोन्ही अंगांना कापड. आपल्या आज्या झोळी हलवत शेजारी बसून असायच्या, एक पाय दोरीला आणि हात तांदळात. आता झोळी स्प्रिंगला टांगली जाते, स्प्रिंग हुकाला, आणि आई लॅपटॉपवर. शिवाय मोठी भावंडं त्याच साडीचा झोका करतात आणि गळ्याला फास बसतो. अशा बातम्या तूही पेपरात वाचल्या असशील. सपाट तळाचा लाकडी पाळणा मात्र उत्तम, त्यात घट्ट गादी घाल आणि झोका बंद करून खुंटी लाव. मोहरीची उशी, लोड, गोधडीचे लोळे काहीही नको. डोकं गोल होण्यासाठी मोहरीची उशी हा आपल्याकडचा हट्ट आहे. जागेपणी थोडा वेळ पालथं ठेवल्याने तेच काम होतं आणि मान धरायलाही मदत होते.

दूध उलटतं म्हणून तिरपं ठेवतो, असंही एकीने तुझ्या प्रश्नाखाली लिहिलंय. नको. अंगावर पाजून झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं खांद्यावर उभं धर, ढेकर काढ, मग उताणं सपाट. बाउन्सरमध्ये पोट दुमडलं जातं, त्याने उलटणं वाढू शकतं. बाळाचं वजन वाढत नसेल किंवा उलटी हिरवी-पिवळी, जोरात येत असेल तर तो बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न, खुर्चीचा नाही.

आता अवघड भाग. सवय कशी मोडायची? एकदम नाही मोडत. बाळ बाउन्सरमध्ये पेंगलं की पूर्ण गाढ व्हायच्या आत उचल. ठेवताना आधी बूड टेकव, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. उलट केलंस तर पडल्याची भावना होऊन हात फाकतात आणि जाग येते. ठेवल्यावर हात लगेच काढू नकोस, छातीवर सपाट तळवा दोन मिनिटं राहू दे. पाळण्याची चादर थंड असते म्हणूनही काही मुलं दचकतात. मी धाकटीसाठी माझा वापरलेला सुती दुपट्टा गादीवर घट्ट खोचून अंथरायचे, सुटा नाही. पहिले तीन दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटं झोपली आणि मला काय करावं सुचेना, शेवटी मी केस धुतले. रात्रपाळी नवऱ्याबरोबर वाटून घे. ‘झोपतोय ना, झोपू दे’ म्हणणाऱ्याला दोनदा पहाटे उचलून ठेवायला लाव, मत आपोआप बदलतं.

मग बाउन्सर कशाला ठेवायचा? अंघोळ करायला, जेवायला, दहा मिनिटं दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. त्यासाठी तो खरंच सोन्यासारखा आहे. बाळ जागं, पट्टे लावलेले, आणि बाउन्सर जमिनीवर. जमिनीवर म्हणजे जमिनीवरच. माझा धडा सांगते. मोठा तीन महिन्यांचा, आई भारतात परतलेली, घरी मी एकटी. कांदा चिरताना डोळ्यासमोर असावा म्हणून बाउन्सर ओट्यावर ठेवला. पट्टे लावले होते म्हणून निर्धास्त. कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करायला वळले, परत बघते तर पुढचा एक रबरी पाय ओट्याच्या कडेवरून निम्मा बाहेर. पोरगं खुशीत लाथा झाडत होतं आणि दर लाथेला तो तारेचा सांगाडा गुळगुळीत ग्रॅनाइटवरून केसभर सरकत होता. पट्ट्याने बाळ बाउन्सरला बांधलं जातं, बाउन्सर ओट्याला नाही. पडला असता तर सांगाड्यासकट पडला असता. पलंगावर, सोफ्यावर ठेवला तर आणखी वेगळी भीती: मऊ गादीवर तो कलंडतो आणि बाळाचं तोंड गादीत जातं. अमेरिकेत बाउन्सरवर जो इशारा छापावा लागतो, त्यात या दोन्ही गोष्टी आहेत.

एका वेळी वीस मिनिटं पुरे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएसही तेवढीच सांगते. वर खेळणी टांगलेली दांडी असते तिला धरून उचलू नकोस, ती निसटते. बाळ स्वतःहून उठून बसायची धडपड करू लागलं की बाउन्सरची मुदत संपली, वजनाची मर्यादा गाठलेली असो वा नसो. दाराला टांगायचा जम्पर ही निराळी वस्तू, पक्की मान धरल्याशिवाय तिचं नावही नको. आणि पुढे कुणी वॉकर आणला तर गोड बोलून परत कर. कॅनडाने २००४ मध्येच वॉकरवर बंदी घातली आहे.

बाळ नऊ महिने पूर्ण व्हायच्या बरंच आधी झालं असेल, किंवा जन्मतः श्वासाचा काही त्रास असेल, तर जागेपणी बसवण्याआधीसुद्धा डॉक्टरांना विचार. आणि कधीही ओठ निळसर दिसले, अंग लुळं वाटलं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असल्या तर इथे लिहीत बसू नकोस, १०८ लाव.

आज एवढं कर. बाउन्सर उलटा कर, बुडाखाली किंवा कापडाच्या आतल्या शिवणीत एक पांढरं लेबल असेल. त्यावरचा मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख सीपीएससीच्या संकेतस्थळावर शोध. रिकॉलमध्ये निघाला तर मैत्रिणीसारखी सुरी घे. नसेल निघाला तर दोन पायांमधला पट्टा शाबूत आहे का, बक्कल खट्ट आवाज करून बसतं का, चारही रबरी पाय आहेत का आणि धुऊन धुऊन कापड सैल पडून खोळ जास्त खोल तर झाली नाही ना, ते बघ. लेबल फाटलेलं असेल तर नणंदेला विचार, तिच्याकडे ऑर्डरचा ईमेल सापडेल. नंबर मिळाला की इथे टाक, मीही शोधते.