डॅशहुंड कुत्रा घेताय? आधी घरातला सोफा बघा

घ्या, पण पिल्लाच्या गोड चेहऱ्याला भुलून नको. माझ्याकडचा हा दुसरा डॅशहुंड. घरच्यांवर जीव टाकतो, रात्री पांघरुणात शिरून झोपतो.

खरा प्रश्न पाठीचा. लांब पाठ आणि आखूड पाय, त्यामुळे मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीत फार. सोफ्यावरून उड्या, जिन्याची चढउतार पहिल्या दिवसापासून बंद. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मुलं बगलेत धरून लोंबकळत नेतात, तेच नको. तुमचं लेकरू चार वर्षांच्या आतलं असेल तर थोडं थांबाच. कुणी ओढलं-दाबलं तर हा चावायला कमी करत नाही.

वजनाकडेही लक्ष ठेवा. आजी गुपचूप पोळी-तूप भरवते आणि भार मणक्यावर येतो. (आमच्याकडे आजीलाच समजवावं लागलं!)

मूळचा जर्मनीतला, बिळात घुसून बॅजर नावाच्या प्राण्याची शिकार करणारा. म्हणून कुंड्या उकरणार, बेल वाजली की सोसायटी डोक्यावर घेणार. हट्टी आहे, ओरडून ऐकत नाही. खाऊ दाखवा, लगेच ऐकतो. आणि बारा-पंधरा वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच आणा.