साळिंदराचा काटा, पीस की कुसळ?

प्रश्न असा आलाय की लहान मुलांसाठी प्राण्यांवरचा मजकूर मराठीत करायचाय, डिक्शनरीत 'क्विल' समोर 'पीस' दिलंय, मग 'साळिंदराची पिसं' लिहायचं का? आणि हेजहॉगला पण साळिंदरच म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, काटा लिहा. पीस म्हटलं की मराठी माणसाला मोरच आठवणार, आणि पोरं विचारतील उडतं का म्हणून. नावं मात्र बरीच आहेत, साळ, साळू, सायाळ, साळिंदर, प्राणी एकच. पण लिंग सांभाळा हां, ती साळ, ती सायाळ आणि ते साळिंदर. (साळ म्हणजे भात पण, त्यामुळे 'साळीत साळ शिरली' हे वाक्य कोकणात चालेल, परक्या माणसाला कळणार नाही.)

आता गंमत बघा, हा काटा म्हणजे मुळात केस. आपले केस आणि नखं ज्या केराटिनची असतात त्याचाच, फक्त जाड, कडक झालेला. आणि साळ घाबरली किंवा चिडली की कातडीखालचे बारीक स्नायू आखडतात आणि हे केस उभे राहतात, थंडीत किंवा भीतीने आपल्या अंगावरचे केस उभे राहतात तशाच पद्धतीने. त्याला आपण काय म्हणतो? अंगावर काटा आला! संस्कृतात पण रोमांच आलेल्या अंगाला कंटकित म्हणतात, कालिदासाच्या रघुवंशात लग्नात इंदुमतीचा हात हातात घेतल्यावर अज राजाचं मनगट असंच कंटकित झालंय. म्हणजे साळिंदराच्या अंगावर कायमचाच काटा आलेला असतो असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

संस्कृतात साळीला शल्यक म्हणतात आणि तिच्या काट्याला शलली. जुन्या गृह्यसूत्रांत, म्हणजे घरातल्या संस्कारांच्या ग्रंथांत, सीमंतोन्नयन या गरोदरपणातल्या संस्काराच्या वेळी गरोदर बायकोचा भांग पाडायला तीन पांढरे ठिपके असलेली शलली सांगितलीय, साळीचा काटा काळा-पांढरा पट्टेदार असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ते लगेच पटेल. शल्य म्हणजे आत घुसून राहिलेली टोकदार वस्तू, ती काढायची ती शल्यक्रिया, आणि जी निघतच नाही ते मनातलं शल्य. साळीचं आणखी एक नाव श्वाविध्, कुत्र्याला भोसकणारी. कुत्रंच कशाला, कुमाऊंमधल्या मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीबद्दल जिम कॉर्बेटने लिहिलंय की साळिंदराच्या नादी लागून तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले, शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली.

पण आपल्या साळीचा काटा गुळगुळीत असतो, रुतला तर ओढून निघतो. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर वेगळं, ते झाडावर चढतं आणि त्याच्या काट्याच्या टोकाला बारीक उलटे दाते असतात. गवतातनं चालल्यावर सॉक्समध्ये कुसळ घुसतं ना, पुढे सरकतं पण मागे येत नाही, तसंच. तिथल्या काट्यासाठी कुसळ हा शब्द कुणी वापरला तर मी तरी भांडणार नाही.

हेजहॉगला साळिंदर म्हणू नका प्लीज. साळ कुरतडणाऱ्यांपैकी, उंदीर, घूस, खार यांच्या गोतावळ्यातली, आणि हेजहॉग किडे खाणारा, आपल्या चिचुंद्रीचा नातेवाईक. साळीचे काटे पटकन सुटून समोरच्याच्या अंगात राहतात, याचे आखूड आणि घट्ट, सहसा सुटत नाहीत. साळ पाठ फिरवून उलटी अंगावर येते, हा बटव्याची नाडी ओढावी तसा स्वतःला आत ओढून चेंडू होतो. गुजरातच्या कोरड्या भागात हे दोन्ही प्राणी आहेत म्हणून गुजरातीत शब्द पण दोन आहेत, शाहुडी आणि शेळो. आपल्याकडे हेजहॉग सहसा दिसतच नाही तर नाव कुठून येणार? संस्कृत जाहक आहे, पण तो मुलांना सांगण्यापेक्षा सरळ हेजहॉग लिहा. ऑस्ट्रेलियातलं एकिडना तर तिसरंच प्रकरण, अंडी घालणारं, काटे सोडले तर या दोघांशी त्याचं काही जुळत नाही. खवले मांजर पण काही जण यात ढकलतात, पण त्याला काटे नाहीतच, खवले आहेत, नावातच सांगितलंय की.

शेवटचं, क्रियापद. 'साळिंदर काटे फेकतं' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, ते खोटं आहे, त्याला काटे फेकता येत नाहीत. ते काटे फुलवतं, आणि शेपटीचे पोकळ काटे हलवून खळखळ आवाज करतं. तेव्हा 'फुलवले', 'खळखळवले', 'रुतले' यातलं काहीही लिहा, 'फेकले' तेवढं खोडा.