मामा तलावाचा (म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा) तळ खरवडून सपाट केला, तर लहान मासे वाढतील का?

नाही, उलट मरळ, शिंगी, वाम असे गावठी मासे आणि त्यांची पिल्लं कमी होतील. पाणी वाढलं तरी. भंडारा-गोंदियाकडचे धीवर हे जाळं टाकताना रोज पाहतात. लहान मासा तलावभर सारखा पसरलेला नसतो, तळ पाहून राहतो. वाम चिखलात अंग पुरून बसते, शिंगी गाळाच्या बुडाशी किडे शोधते, मरळ तर काठच्या उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करते, तिथे अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींत पिल्लांना खाणंही मिळतं, लपायलाही जागा मिळते. तळ उघडा पडला की मोठ्या माशांना आयतीच मेजवानी. (ग्रासकार्प सोडाल तर तो उरलेली वनस्पतीही फस्त करतो, हे आधी ध्यानात घ्या.)

मात्र गाळ काढूच नये असं नाही. मधला भाग खोल करा, पण काठाचा उतार आणि तिथली वनस्पती तशीच ठेवा. बेशरम हे झुडूप मात्र मुळासकट उपटा. ते काठ अडवून देशी वनस्पतींना जागाच ठेवत नाही.