पेडल बदलण्याआधी

प्रश्न : घरच्या सिम्युलेटरवर उजळाईवाडी विमानतळावरून सेसना १७२ उडवताना विमान डावीकडे पळतं. रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचं पायातलं साधन) नवीन घेऊ का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : थांबा, लगेच खर्च नको. एका इंजिनाचं हे विमान फुल पॉवरला डावीकडे ओढतंच; उजवा पाय हळूहळू दाबत राहायचं. तरी खात्री करा. पाय काढून संगणकावर कॅलिब्रेशनची, म्हणजे पेडलची मधली जागा जुळवायची, विंडो उघडा. पेडलची जागा दाखवणारी खूण मधोमध स्थिर असेल तर पेडल ठणठणीत आहे. थरथरत असेल तर बहुधा पेडलची हालचाल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ बसलीय. गेल्या उन्हाळ्यात माझंही तेच झालं. यूएसबी काढून त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे भाग साफ करायचा स्प्रे) फवारला, पेडल वीसेक वेळा पुढंमागं केलं, वाळू दिलं, पुन्हा कॅलिब्रेट केलं. खूण जागेवर! डेडझोन (पेडल हललं तरी सिम्युलेटर दाद देत नाही तो मधला पट्टा) वाढवून दुखणं झाकू नका, पायाची बारीक हालचालच हरवते.