टायर प्रेशरच्या दिव्यासाठी रिकॉलचा मेसेज आलाय, पण गाडी नीट चालतेय; सर्व्हिस सेंटरला न्यायलाच हवी का?

न्यायलाच हवी. रिकॉल म्हणजे बिघाड काढायला कंपनीनेच गाडी परत बोलावलीय. गाडी नीट चालतेय हे तुम्ही डॅशबोर्डकडे बघून म्हणताय, आणि बिघाड नेमका तिथल्या दिव्याचा आहे. हवा उतरली तरी तो लागेलच असं नाही, असं तुमच्या मेसेजमध्येच लिहिलंय. मग दिवा विझलेला आहे यावर विसंबायचं कसं?

सोलापुरात होटगी रोडला माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. उन्हाळ्यात पुणे-हैदराबाद हायवेवरचे फुटके टायर येतात, त्यातले बरेच कमी हवेवर पळवलेले असतात. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दर फेऱ्याला वाकते आणि आतून तापते. असा टायर रिमवरून उतरवला की आत रबराची काळी भुकटी निघते. बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी. ट्यूबलेस हळूहळू उतरतो, स्टिअरिंगला पत्ता लागत नाही. म्हणून तर तो दिवा.

असे रिकॉल नवे नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या सुमारे 7 लाख गाड्यांचा रिकॉल झाला. दिवा एकदा लागल्यावर गाडी बंद करून परत सुरू केली की तो विझलेला राहू शकत होता. तिथे सॉफ्टवेअर अपडेटवर भागलं. तुमच्या गाडीत टायरमधला हवा मोजणारा सेन्सरही बदलावा लागू शकतो. खर्च कंपनीचा, तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. पैसे किंवा ओटीपी मागितला तर मेसेजच खोटा समजा. लिंक दाबू नका, मॅन्युअलमधल्या नंबरवर फोन करून चासी नंबर सांगा.

तोवर हवा मोजायचं गेज घ्या. सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो तेवढी हवा ठेवा. मे महिन्यात दुपारी टेंभुर्णीहून येऊन मोजाल तर 33 पीएसआयची 37-38 दिसेल. ती गरम हवा आहे, सोडू नका. आपल्याकडे पंपावरची पोरं हमखास सोडतात, आणि रात्री टायर गार झाला की कमी पडते. स्टेपनीही तपासा, तिच्यात बहुधा सेन्सर नसतोच.

पंक्चर काढताना मात्र आत सेन्सर आहे हे आधी सांगा. तो व्हॉल्व्हच्या बुडाशी असतो, टायर उतरवायची टॉमी तिथे घातली की तुटतो, आणि असा तुटलेला कंपनी रिकॉलमध्ये धरत नाही.

काम झालं की जॉबकार्डवर रिकॉलचं काम केल्याची नोंद मागून घ्या. गाडी विकताना घेणारा विचारतो.