वाचकांचे प्रश्न : बॅकअप टेपवर की क्लाउडवर?

प्रश्न : भोसरीत आमचं डाय बनवण्याचं वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम, फोटो आणि हिशेब मिळून २० टीबी डेटा आहे. इंटरनेट १०० एमबीपीएस. एक जण सगळं क्लाउडवर टाका म्हणतो, दुसरा एलटीओ टेप (बॅकअपसाठीची चुंबकीय फीत) घ्या म्हणतो. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दोघांचंही, पण अर्धं अर्धं. तुमच्या लाइनवरून २० टीबी वर चढवायला सलग साडेअठरा दिवस लागतील, तेही लाइन एकदाही न पडता. सगळा डेटा परत उतरवायलाही तेवढेच, आणि डाउनलोडचं बिल वेगळं. हाफ-हाइट (अर्ध्या उंचीचा) एलटीओ-९, म्हणजे एलटीओच्या नवव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीने लिहितो. तेच काम साडेअठरा तासांत.

म्हणून पूर्ण डेटा टेपवर, दोन संचांत. एक संच वर्कशॉपबाहेर. क्लाउडवर रोजचे बदल आणि हिशेब. कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं नियमानेच बंधनकारक आहे, तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर मुंबई किंवा हैदराबाद रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटर, निवडा. ऑब्जेक्ट लॉक (फायलींना ठरलेल्या मुदतीचं कुलूप) बकेट, म्हणजे क्लाउडवरची साठवणीची जागा, बनवतानाच चालू करा आणि कंप्लायन्स हा त्याचा कडक मोड ठेवा. मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तरी मुदतीआधी काही पुसता येत नाही. ग्लेशियर डीप आर्काइव्ह या क्वचित लागणाऱ्या डेटासाठीच्या स्वस्त साठवणीचा दर पाहून रोजच्या फायली तिथे टाकू नका. आधी पुसल्या तरी १८० दिवसांचं भाडं लागतं, आणि फाइल हातात यायला बारा तास लागू शकतात.

एलटीओ-९ टेपच्या कार्ट्रिजवर लिहिलेल्या ४५ टीबीला भुलू नका. तो आकडा अडीचपट कॉम्प्रेशन धरून लिहिलेला असतो. खरी जागा १८ टीबी, आणि फोटो काही दबत नाहीत. म्हणजे एका संचाला दोन कार्ट्रिज.

ड्राइव्ह सॅस एचबीए कार्डावर (ड्राइव्ह सर्व्हरला थेट जोडणारं कार्ड) जोडा, रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) नको. घोळ होतो तो बहुधा पुढे: एक गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला जेमतेम ११० एमबी येतात, लहान फायली असल्या तर त्याहून कमी. ड्राइव्हची भूक भागत नाही. टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. वेळ जातोच, वर हेड आणि टेप दोन्ही झिजतात. आधी सर्व्हरमधल्या एसएसडीवर डेटा गोळा करा, मग एका दमात टेपवर उतरवा.

नवं एलटीओ-९ कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर दोन तासांपर्यंत नुसतं घरघरत राहील. ते कॅलिब्रेशन आहे. ड्राइव्ह बिघडला समजून बाहेर काढू नका. एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवलीत तर सर्व्हर गेल्यावर टेप निरुपयोगी. आणि तीन महिन्यांतून एकदा कुठलंही एक जुनं ड्रॉइंग टेपवरून दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून पाहा. 'बॅकअप सक्सेसफुल' या हिरव्या ओळीवर आमचा फारसा विश्वास नाही.

प्रश्न : जुन्या एलटीओ-६ टेप नव्या एलटीओ-९ ड्राइव्हवर चालतील का?

उत्तर : नाही. एलटीओ-९ ड्राइव्ह फक्त आठ आणि नऊ वाचतो. एलटीओ-६ साठी सहा किंवा सातचा ड्राइव्ह लागेल. सगळं नव्या टेपवर उतरवून तपासेपर्यंत जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका.